आधी सांगायचं, मग उचलायचं

गुरुवार: स्वारगेट

सांगलीहून पुण्याला निघालेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात, कुणाकडे उतरणार आणि परत कधी येणार. माझ्या थोरल्या बहिणीने मला तिसरीच कामगिरी दिली. "मृण्मयी तिथे नेमकं करते काय ते डोळ्यांनी बघून ये. लोक मला विचारतात आणि मी 'चांगलं चाललंय तिचं' म्हणून भाजीचे भाव काढते."

मृण्मयी माझी भाची, वय सत्तावीस. दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न नव्हता. ती एका वृत्तवाहिनीवर बातम्या द्यायची. हातात माईक, मागे मोर्चा किंवा आग, आणि समोर आमची अख्खी गल्ली तिला बघत जेवायला बसलेली. मग तिने ती नोकरी सोडली आणि 'सामाजिक वित्त' नावाच्या क्षेत्रात गेली. हे शब्द मी माझ्या हौशी नाटकवाल्या आवाजात चार वेळा म्हणून पाहिले. भारदस्त वाटले. अर्थ मात्र लागला नाही.

स्वारगेटला उतरल्यावर माणसाने पहिली पाच मिनिटं नुसतं उभं राहावं, असं माझं मत आहे. बस, रिक्षा, मेट्रोकडे धावणारी माणसं, आणि या सगळ्यांत कुणालाच कुणाची ओळख नको असलेले चेहरे. आमच्याकडे स्टँडवर उतरलं की निदान तीन जण विचारतात, "कुठनं आलासा?" इथे एका गृहस्थांना मी मेट्रोचा जिना विचारला. ते म्हणाले, "आपण त्यावरच उभे आहात." आणि गेले. माहिती अचूक होती, तक्रारीला जागा नव्हती.

मृण्मयी स्कूटर घेऊन आली. माझ्यासाठी जादाचं हेल्मेट आणलं होतं. ते डोक्यात गेलं, पण कान बाहेर राहिले. मांडीवर भडंगाची पिशवी धरून मी कर्वेनगरपर्यंत देवाचं नाव घेत गेलो. घरी गेल्यावर ती चहा टाकत होती, तेव्हा मी मुद्द्यावर आलो. "आता मला सांग. तू करतेस काय?"

"मामा, बँक विचारते, तारण काय आहे? देणगीदार विचारतात, तुम्ही किती गरीब आहात? आम्ही विचारतो, तुम्ही काम कसं करता? काम चांगलं असेल तर त्याच्यात पैसे लावायला माणसं शोधतो. फुकट नाही, परत करायचे. पण झेपेल असे."

"आणि यात तू?"

"पैसे लावणारे हडपसरला जात नाहीत. म्हणून मी हडपसर त्यांच्याकडे नेते. फिल्म करते, लिहिते, फोटो काढते. चॅनलवर होते तेव्हा माणसाचं सगळ्यात वाईट मिनिट पकडायचं असायचं. इथे त्याचं कामाचं मिनिट पकडते."

हडपसरचं नाव उगाच आलेलं नव्हतं. तिथल्या तीसेक बायकांचा एक गट आहे. त्या घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांची देखभाल करतात. पुण्यात असे म्हातारे पुष्कळ, आणि त्यांची मुलं लांबच्या देशांत. नव्या बायकांना शिकवायला या गटाला एक खोली हवी होती, तीत दवाखान्यातला असतो तसा वर-खाली होणारा पलंग. आजवर त्या जमिनीवर सतरंजी टाकून एकमेकींना उचलून शिकत होत्या. पैसे लावणाऱ्यांच्या पाच जणांच्या समितीने एकदा नुसते कागद बघून अर्ज परत पाठवला होता. आता शनिवारी पुन्हा बैठक होती, आणि या वेळी मृण्मयीची आठ मिनिटांची फिल्म दाखवायची होती. ज्या गाळ्यात खोली व्हायची, त्याचा मालक या महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता. पुढे तिथे मोबाइलचं दुकान येणार होतं.

फिल्म तयार होती, पण मुकी होती. चित्रीकरणाच्या दिवशी शेजारच्या फ्लॅटमध्ये फरशी कापायचं मशीन चालू होतं. माणसांचं सगळं बोलणं त्याखाली गेलं. म्हणून वरून निवेदन घालायचं ठरलं, आणि निवेदन करणारा मुलगा नेमका तापाने पडला.

मी चहाचा कप खाली ठेवला. खाकरलो. "मृण्मयी," मी म्हणालो, "हा घसा मग कशासाठी आहे?"

तिचा स्टुडिओ म्हणजे कपड्यांचं कपाट. कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही म्हणे. तिच्या ओढण्यांत डोकं घालून, तोंडात एक ड्रेस जातो की काय या भीतीत, मी आठ मिनिटांचं निवेदन केलं. बाहेरून सूचना येत होत्या. "मामा, ड्रामा कमी." मी कमी केला. "मामा, अजून कमी. कुणी वारलेलं नाहीये."

एका ठिकाणी बाई आजोबांना पलंगावरून उठवून खुर्चीत बसवतात. तिथे कागदावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मला राहवलं नाही. मी स्वतःच एक वाक्य टाकलं, "या हातांना शब्दांची गरज नाही." आणि नंतर असा विराम घेतला की आमच्या सांगलीत टाळी पडली असती.

"हे वाक्य कुठून आलं?"

"सुचलं."

तिने ते दोनदा ऐकलं. "फिट बसतंय," ती म्हणाली. ठेवलं.

शुक्रवार सकाळ: नारायण पेठ

मृण्मयीचा एक नियम आहे. फिल्ममध्ये जो दिसतो, त्याने ती सगळ्यांत आधी बघायची. त्याने नाही म्हटलं तर ती बाहेर जात नाही, मग तिच्यावर महिना गेलेला असो की तीन महिने. तिच्या ऑफिसात हा नियम कुणी घालून दिलेला नाही, तिने स्वतःच घातला आहे. चॅनलच्या नोकरीत तिने एका बाईंचं रडणं दाखवलं होतं. त्या बाईंनी नंतर फोन करून एवढंच विचारलं होतं, "मला विचारलं असतं तर?" हे तिने मला स्कूटरवर, मागे न बघता, सिग्नलला सांगितलं. हिरवा पडल्यावर विषय संपला.

फिल्ममधले आजोबा म्हणजे बापट सर, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली, बोलणं सावकाश. पुण्यातल्या पाहुणचाराबद्दल इतकं ऐकलेलं की मी निघताना पोहे खाऊन निघालो होतो. सरांच्या पत्नींनी उपम्याची बशी पुढे केली. मी ती संपवली, तर त्यांनी न विचारता दुसरी दिली. ऐकीव माहितीवर विसंबून मी त्या सकाळी तीनदा नाश्ता केला.

सरांनी लॅपटॉपवर सगळी फिल्म पाहिली. पापणी हलली नाही. मग त्यांनी विचारलं, "आवाज कोणाचा?"

"माझा," मी नम्रपणे म्हणालो.

"मी गेलो की काय, असं वाटलं."

मृण्मयी खिडकीबाहेर बघायला लागली. सरांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, पाहुणे आहेत." सर म्हणाले, "म्हणूनच विचारून घेतलं." मग डाव्या हाताने त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली. त्या सहीला पुरतं एक मिनिट लागलं. पेन ठेवताना ते म्हणाले, "माझं काय, मी नुसता उठलो. मंगलताईंना दाखवा. काम त्यांचं आहे."

शुक्रवार दुपार: हडपसर

पेठेतून हडपसरला जाताना माणूस एका गावातून दुसऱ्या गावात नाही, तर तीन-चार गावांतून जातो. मधे कॅम्प लागतो, मधे कारखाने, मग काचेच्या आयटी इमारती, आणि त्यांच्या पायथ्याशी कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसलेल्या बायका. फिल्ममध्ये सरांना उठवणाऱ्या मंगलताईंचं घर मंडईमागच्या गल्लीत. एकेकाळी तिथे त्यांच्या सासरची उसाची जमीन होती. आता चहूबाजूंनी उंच इमारती आहेत आणि सरांखेरीज त्यांतल्याच दोन घरांत मंगलताई पेशंट बघतात.

वय पंचेचाळीस, चण लहान, मनगटं सुतारासारखी. "या पावणं," त्या म्हणाल्या. "आधी जेवा. शिनेमा काय पळून चाललाय व्हय?"

ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याचा असा ठेचा की माझ्या कपाळावर घाम आला. तीन नाश्ते पोटात असताना मी दोन भाकरी खाल्ल्या. पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. भिंतीवर चादर लावली, खिडक्यांना पोती अडकवली, आणि खेळ सुरू झाला.

स्वतःला मोठं बघून बायका आधी हसल्या. "शांते, तुझं नाक बघ." मग माझा आवाज सुरू झाला आणि हसू थांबलं. मी मनात म्हटलं, घेतलं प्रेक्षागृह ताब्यात. तो उठवण्याचा प्रसंग आला. "या हातांना शब्दांची गरज नाही," असं मी भिंतीवरून म्हणालो आणि माझा तो सुप्रसिद्ध विराम आला.

फिल्म संपली. पोती काढली. 

"ताई," मंगलताई मृण्मयीला म्हणाल्या, "ही द्यायची न्हाई."

मृण्मयीने वही काढली.  "काय खटकलं?"

"आमचं बोलणं कुटं गेलं?"

"त्या दिवशी मशीनचा आवाज होता ना. ऐकू येत नव्हतं, म्हणून काढलं."

"तेच तर काम हाय आमचं. पेशंटला आधी सांगायचं, मग हात लावायचा. सर, आता गुडघा वाकवते. सर, आता कुशीवर घेते. एकसुद्धा हात न सांगता लागत न्हाई. नव्या पोरीला पहिलं तेच शिकवते मी. आन् इथं दिसतंय काय? मंगल आली, म्हाताऱ्याला पोत्यागत उचललं, खुर्चीत टाकलं. वर हे पावणं म्हणतात, शब्दांची गरज न्हाई."

वीस बायकांनी माझ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षं रंगभूमीवर काढली, पण प्रेक्षकांची अशी नजर कधी झेलली नव्हती.

"खाली अक्षरं टाकू?" मृण्मयी म्हणाली. "तुम्ही काय बोलताय ते लिहून?"

"मी काय पेशंटला चिठ्ठी देते का?"

यावर हसू आलं, पण मंगलताईंनी हात वर करून ते थांबवलं. "खोली पायजे मला. खरंच पायजे. गाळा गेला तर परत असा भेटायचा न्हाई. पण ही बघून उद्या कुणी म्हणलं की हडपसरच्या बाया न सांगता हात लावतात, तर खोली घेऊन काय करू?"

मृण्मयीने बापट सरांना फोन लावला. पुन्हा चित्रीकरण करता येईल का? फोन तिने सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला होता.  मग सरांचा सावकाश आवाज आला. "मृण्मयी, मी रोज उठतो ते उठणं भाग आहे म्हणून. कॅमेऱ्यासाठी पुन्हा उठणार नाही. राग मानू नका."

"नाही सर. बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली, आणि तिने खरोखरच राग मानलेला नव्हता. मी तिच्या शेजारी बसलो होतो, मला दिसत होतं.

शेवटचा उपाय म्हणून मंगलताईंचा आवाज आताच घ्यावा आणि फिल्मवर लावावा असं ठरलं. त्यांच्यासमोर माईक धरला. त्या बोलल्या आणि दोन वाक्यांत थांबल्या. "समोर माणूस न्हाई. कुणाला सांगू?"

मी उठलो. सतरंजीवर जाऊन आडवा झालो. एवढा गुन्हा माझ्या नावावर होता, निदान शरीर तरी उपयोगी पडावं. पेशंटची भूमिका म्हटल्यावर मी डोळे अर्धे मिटले आणि एक कण्हणं काढलं.

"कण्हू नका," मंगलताई म्हणाल्या. "आन् तुमी मदत करताय. पाठ उचलताय. पेशंट मदत करत न्हाई. सोडा हातपाय."

काहीच न करणं ही भूमिका मला आजवर कुणी दिली नव्हती. चार वेळा त्यांनी माझा हात उचलून सोडला आणि चारही वेळा तो हवेत राहिला. पाचव्यांदा पडला. बायकांनी "आत्ता जमलं" म्हणून मान डोलावली.

"आता पावण्यांस्नी आधी दुसरी रीत दावू," मंगलताई म्हणाल्या आणि त्यांनी शांताबाईंना खूण केली.

दोघींनी मला काही न सांगता उचललं. अंगावर ओरखडा नाही, धक्का नाही. पण पायाखाली आणि पाठीखाली एकाच वेळी काहीच उरलं नाही आणि मी शांताबाईंच्या बांगड्या घट्ट धरल्या. तोंडातून जो आवाज निघाला तो कुठल्याही नाटकातला नव्हता.

त्यांनी मला खाली ठेवलं. मंगलताई माझ्या डोळ्यांसमोर येतील अशा बसल्या.

"काका, मी मंगल. तुमाला खुर्चीत बसवणार हाय. आता डावा गुडघा वाकवते. हां. आता खांद्याला हात लावते, माझ्याकडं कुशीवर वळायचंय. आता पाय खाली येतील. आता उठवते. झालं. थांबू जरा. चक्कर येती का?"

तेच हात होते आणि माझं वजनही तेच. पण या वेळी माझ्या अंगाचं काय होणार ते मला आधी कळत होतं, आणि ते अंग माझंच राहिलं. मी खुर्चीत बसलो होतो. चक्कर येत नव्हती. मृण्मयीने माझ्याकडे पाहिलं आणि माईक बंद केला.

"मामाला सांगितलेले शब्द सरांच्या चेहऱ्यावर लावायचे नाहीत," ती म्हणाली. "ते खोटं होईल. मंगलताई, उद्या तुम्ही याल का? फिल्म नको. तुम्हीच दाखवा."

"मला इंग्रजी येत न्हाई."

"उचलायला कुठे लागतं?"

मंगलताईंनी विचार केला. "पावणं पायजेत मग. आता कुटं हात सोडायला शिकलेत."

घरी परतल्यावर मृण्मयीने आपल्या वरिष्ठांना फोन केला. फिल्म न दाखवता अर्ज दुसऱ्यांदा परत आला तर तिसऱ्यांदा समितीपुढे नेता येणार नाही, असं तिला सांगितलं गेलं. ती "हो, माहितीये" म्हणाली. मग तिने तीन महिन्यांचं काम एका फोल्डरमध्ये टाकलं आणि वरणाला फोडणी दिली. तिच्या वयात मी एक भूमिका गेली म्हणून आठवडाभर जेवलो नव्हतो.

शनिवार: सहावा मजला

बंडगार्डनकडच्या एका इमारतीत, सहाव्या मजल्यावर, लांबलचक टेबलाभोवती समितीचे पाच जण बसले होते. अध्यक्ष बाई रुपेरी केसांच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. एका टोकाला निळ्या कोटातले साठीचे धिप्पाड गृहस्थ, नजर फोनमध्ये. चहा अगदी लहान कपांत आला. मंगलताईंनी तो एका घोटात संपवला आणि दुसऱ्याची वाट पाहिली. आला नाही.

"आज फिल्म दाखवणार होते," मृण्मयी म्हणाली. "ती दाखवत नाहीये. मी त्यातून यांचं बोलणं काढून टाकलं होतं, आणि यांचं काम म्हणजेच ते बोलणं आहे. हे मला कळलं नाही. चूक माझी."

मी कबुली द्यायला तोंड उघडलं. तिने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. ते वाक्य माझं होतं, हे तिने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

मग सोबत आणलेली गादी टेबलावर पसरली आणि मी चढलो. मोज्याला भोक होतं, ते सहाव्या मजल्यावर सगळ्यांना दिसलं. आधी न सांगता, मग सांगून, अशा दोन्ही रीतींनी मंगलताई आणि त्यांच्यासोबत आलेल्या शांताबाईंनी मला उठवलं. मी अभिनय केला नाही. गरजच पडली नाही, पहिल्या रीतीला बांगड्या तशाच धरल्या. अध्यक्ष बाईंनी चष्मा काढला. चौघांनी माना हलवल्या. निळ्या कोटवाल्यांचा अंगठा मात्र फोनवर फिरत होता.

"तुमच्यातलं कुणी येतंय का?" मंगलताईंनी विचारलं. "बघून निम्मंच कळतं."

एकदम सगळ्यांना आपापले कागद वाचायचे आठवले. मृण्मयीने हातातली वही छातीशी धरली होती. मंगलताई गादीवर एक हात टेकून उभ्या राहिल्या. शेवटी निळ्या कोटवाल्यांनी फोन पालथा ठेवला, बूट काढले, आणि ते एवढे मोठे गृहस्थ माझ्या जागी आडवे झाले.

"साहेब, मी मंगल. तुमाला खुर्चीत बसवणार हाय. आता डावा गुडघा वाकवते."

"हं."

"आता खांद्याला हात लावते. माझ्याकडं वळायचं."

ते वळले. पाय खाली आले. त्या लहानखुऱ्या बाईने त्यांना उठवून टेबलाच्या कडेला बसवलं. "आता थांबू जरा. चक्कर येती का?"

त्यांनी मान हलवली. पण खुर्चीकडे गेले नाहीत. मोजे घातलेले पाय खाली लोंबत ठेवून तसेच बसून राहिले.

"माझ्या वडिलांना आम्ही तिघं भाऊ उचलायचो," ते म्हणाले. "दोन वर्षं. कोणीही कधी त्यांना सांगितलं नाही, आता काय करतोय ते. ते प्रत्येक वेळी चादर धरून ठेवायचे. आम्ही चिडायचो, बोटं सोडवायचो."

 मंगलताईंचा हात त्यांच्या पाठीवर होता तसाच राहिला.

"कुणी सांगितलं न्हवतं तुमाला," त्या म्हणाल्या. "साहेब, आता उभं करते. माझ्या खांद्याला धरा."

ते खुर्चीत बसले. थोड्या वेळाने अध्यक्ष बाईंकडे वळून म्हणाले, "खोलीला माझा होकार. पण पलंग एक नको, दोन घ्या. दुसऱ्यावर घरच्या लोकांना शिकवा. मुलांना."

अध्यक्ष बाईंनी बाकीच्या तिघांकडे पाहिलं. तिघांनी हात वर केले. "पत्र सोमवारी निघेल," त्या मृण्मयीला म्हणाल्या. माझ्या भाचीने वहीत काहीतरी लिहिलं. नंतर मी बघितलं, तिथे नुसती रेघ होती.

मंगलताई मात्र अजून निळ्या कोटवाल्यांसमोरच उभ्या होत्या. "मुलं येतात व्हय शिकायला?"

"मी येतो," ते म्हणाले. "आई आहे अजून. रविवारी मला सुट्टी असते."

मंगलताईंनी त्यांच्या कोटाकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"दहाला या," त्या म्हणाल्या. "जुना शर्ट घालून."